मधुमेह असताना दिवस राहण्याची तयारी आणि पुढचे नऊ महिने

मधुमेह असलेल्या बाईच्या गरोदरपणातले सगळ्यात नाजूक आठवडे कोणते, असं विचारलं की बहुतेक जण शेवटचे सांगतात. खरं तर ते पाळी चुकण्याच्या आसपासचे असतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटून जाते, हृदयाची घडणही त्याच सुमारास चालू असते. पाळी चुकली, घरी टेस्ट केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर यातलं बरंचसं काम उरकलेलं असतं. त्या दिवसांत रक्तातली साखर जास्त असेल तर गर्भपाताचा आणि बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून तयारी दिवस राहण्याच्या आधी तीन ते सहा महिने सुरू करायची.

हा लेख आधीपासून टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह असलेल्यांसाठी आहे. मधुमेह फक्त गरोदरपणात उद्भवला असेल तर तयारीचा भाग लागू होत नाही. साखर मोजणं, आहार आणि बाळंतपण यांबद्दलचं बरंचसं मात्र होतं. इथे दिलेले औषधांचे आणि डोसचे आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून आहेत. परस्पर बदल करण्यासाठी नाहीत.

तयारी होईपर्यंत गर्भनिरोधक चालूच

ही पहिली पायरी आणि हीच सर्वांत जास्त चुकते. 'बघू, राहिले तर राहिले' असं म्हणून गर्भनिरोधक थांबवायचं आणि साखर हळूहळू आटोक्यात आणायची, हा क्रम उलटा आहे. आधी एचबीए१सी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी), मग औषधांची अदलाबदल, मग फॉलिक अॅसिड, आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर गर्भनिरोधक बंद.

एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचा असतो. म्हणजे सरासरी साखर अंदाजे १४० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. वारंवार साखर खूप खाली न जाता हे जमलं पाहिजे. ६.५ गाठताच येत नसेल तर ९ वरून ७.२ वर येण्यालाही मोठी किंमत आहे; प्रत्येक उतरलेल्या टप्प्याबरोबर धोका कमी होतो. आकडा १० च्या वर असेल तर मात्र तूर्त गर्भधारणा टाळा, असंच सांगितलं जातं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे सुधारणा आकड्यात उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. रक्तात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून हिमोग्लोबिन सोबतच बघावं आणि घरच्या नोंदींशी आकडा ताडून पाहावा.

पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, हे गृहीत धरू नका. पीसीओएस (हॉर्मोन्स बिघडून अंडं नियमित न सुटण्याचा त्रास) असलेल्या बाईचं वजन उतरू लागलं किंवा मेटफॉर्मिन सुरू झालं की अंडं पुन्हा सुटायला लागतं आणि नकळत दिवस राहतात. साखर आणि वजन उतरवणारी तिर्झेपटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. तेव्हा दुसरा उपायही जोडीला लागतो.

औषधांची यादी टेबलावर मांडा

मधुमेहाबरोबर बीपी, कोलेस्टेरॉल, वजन यांसाठीही गोळ्या चालू असतात आणि प्रत्येक वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असते. सगळ्या पट्ट्या घेऊन एकाच डॉक्टरसमोर बसा.

एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या 'प्रिल' शेवट असलेल्या आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या 'सार्टन' शेवट असलेल्या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठी प्रिल-सार्टन चालू असेल तर काही डॉक्टर ती गोळी टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत ठेवतात. तसं असेल तर पाळी एक दिवस लांबली तरी टेस्ट करायची, हे ठरवून टाका. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या सहसा आधीच थांबवतात.

साखरेच्या औषधांत मेटफॉर्मिन अनेकदा चालू ठेवतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड बदलून इन्सुलिन सुरू होतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या गर्भधारणेआधीच बंद. साखर आणि वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, ते किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. इन्सुलिन मात्र वार ओलांडून बाळापर्यंत फारसं जात नाही, म्हणून गरोदरपणात तेच मुख्य औषध. टाइप २ असलेल्यांनी इन्सुलिनची सवय आधीच करून घेतलेली बरी: उलट्या सुरू असताना पेन हाताळायला शिकणं कुणालाच नको असतं.

एक इशारा. अचानक दिवस राहिल्याचं कळलं की घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करणाऱ्या बायका कमी नाहीत. पुढे आठ-दहा दिवस साखर २५० वर बसते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाळाचं हृदय घडत असतं. त्याच दिवशी फोन करा, बदली औषध मिळाल्याशिवाय साखरेचं औषध सोडू नका.

फॉलिक अॅसिड निदान एक ते तीन महिने आधी सुरू करायचं आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायचं. मधुमेह असलेल्यांना अनेक डॉक्टर रोज ५ मिलिग्रॅम देतात. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४०० मायक्रोग्रॅमच असतं, म्हणजे बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. पट्टीवरचं एकक वाचा.

डोळे, मूत्रपिंड, थायरॉइड

डोळ्याचा पडदा बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्यायचा. साखर झपाट्याने उतरवली आणि पडद्यावर आधीच बदल असले, तर काही जणींमध्ये ते उलट वाढतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण म्हणूनच लेझरची गरज असेल तर ती दिवस राहण्याआधी उरकून, डोळे स्थिर झाल्यावर पुढे जायचं. दिवस राहिल्यावर पहिल्या तिमाहीत पुन्हा तपासणी, मग २८ आठवड्यांच्या सुमारास; बदल दिसले तर मधेही.

मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. पुढे लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तर ती जुन्या आजाराची की प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी वाढण्याच्या गंभीर आजाराची), हे ओळखायला आधीचा आकडा लागतोच. टाइप १ असेल तर टीएसएचही बघा, कारण थायरॉइडचा त्रास त्यांच्यात बराच आढळतो. मधुमेह बरीच वर्षं जुना असेल तर ईसीजीही काढून ठेवतात.

दिवस राहिल्यावर: लक्ष्य काय, मोजायचं कधी

उपाशीपोटी ९५ च्या खाली. जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. इन्सुलिन घेत असाल तर ७० च्या खालीही जायचं नाही. हे सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये.

इन्सुलिनवर असाल तर रोज सात वेळा मोजणं धरून चाला: तिन्ही जेवणांआधी, तिन्हींनंतर तासाने आणि झोपताना. हा एक तास पहिल्या घासापासून मोजायचा, हात धुतल्यापासून नाही. जेवण वीस मिनिटं चाललं आणि तास शेवटच्या घासापासून धरला, तर तुम्ही ऐंशीव्या मिनिटाचा आकडा वाचता. शिखर अनेकदा तोवर उलटलेलं असतं आणि वही उगाच छान दिसते.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोलून तसंच टोचलं तर बोटावरच्या रसामुळे ११० चे १८० दिसू शकतात, आणि त्यावर जादा इन्सुलिन घेतलं की साखर घसरते. अविश्वसनीय आकडा आला तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा, मगच काय ते करा.

दंडावर सतत साखर वाचणारा सेन्सर असेल तर, विशेषतः टाइप १ मध्ये, दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ ६३ ते १४० च्या मध्ये राहायचं असतं. ६३ च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर वाचतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. पडद्यावरचा बाण खाली असेल (म्हणजे साखर उतरत असेल) किंवा अंगाला कापरं भरलं असेल तर बोटावर खात्री करा. रात्री त्या कुशीवर झोपलं की दाबामुळेही खोटा कमी आकडा दिसतो.

गरोदरपणात एचबीए१सी तसाही खाली येतो, कारण तांबड्या पेशी लवकर बदलतात. ६ च्या खाली आला म्हणून वही बंद करू नका. डोस ठरतात ते रोजच्या आकड्यांवरून.

इन्सुलिनची गरज आठवड्यागणिक कशी बदलते

गरोदरपणात डोस स्थिर राहत नाही. वाढला म्हणजे तुमचं काही चुकलं असं समजून अर्धपोटी राहणं चूक.

पहिल्या तिमाहीच्या शेवटाकडे, साधारण नवव्या ते सोळाव्या आठवड्यात, गरज अनेकदा कमी होते. त्यात मळमळ, अर्धवट जेवण. साखर घसरण्याचे, तेही रात्री झोपेत घसरण्याचे प्रसंग याच काळात जास्त. साखर आटोक्यात ठेवण्याच्या नादात घसरण्याची चाहूलही बोथट होते. मळमळ असेल तर जेवणाआधी अर्धा डोस आणि पोटात टिकल्यावर उरलेला, किंवा सगळा डोस जेवण झाल्या झाल्या, अशी तजवीज डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. टाइप १ मध्ये लांब पल्ल्याचं इन्सुलिन जेवलात नाही तरी बंद करायचं नाही.

सोळा आठवड्यांनंतर वारेतली हॉर्मोन्स इन्सुलिनला विरोध करू लागतात. इथून ३६ आठवड्यांपर्यंत गरज दर आठवड्याला सुमारे ५ टक्क्यांनी चढत जाते. शेवटाला एकूण डोस सुरुवातीच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त होतो. तीन आठवडे तोच डोस चालू असेल तर आकडे बहुधा वर सरकले असणार. इन्सुलिन कामाला लागायलाही जास्त वेळ घेतं. जलद इन्सुलिन सुरुवातीला जेवणाआधी १०-१५ मिनिटं पुरतं, पण उत्तरार्धात तेच कित्येकींना २०-३० मिनिटं आधी घ्यावं लागतं. एका तासाचा आकडा १७० आणि तीन तासांचा ७५ असा दिसला तर डोस कमी नाही, उशिरा घेतला जातोय.

डोस बदलताना एका आकड्यावर नाचू नका, दोन-तीन दिवसांची ओळ बघा. समजा उपाशीपोटीचे आकडे १०६, ११२, १०८ आहेत आणि रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन २० युनिट. आधी एका रात्री तीनला उठून मोजा. ९५-१०० आलं तर २० चे २२ करणं, म्हणजे १० टक्के वाढ, हा नेहमीचा टप्पा. तीन वाजता ५८ आलं असेल तर वाढवणं धोक्याचं. बेत उलटा, म्हणजे डोस कमी करण्याचा, करावा लागेल. आता दुसरं उदाहरण: नाश्त्याआधी ८८, तासाने १६५, असं सलग तीन दिवस. इथे रात्रीचं इन्सुलिन ठीक आहे, नाश्त्याचं कमी पडतंय. ४० ग्रॅम कर्बोदकांना १० ग्रॅममागे १ युनिटने ४ युनिट घेत असाल तर ८ ग्रॅममागे १, म्हणजे ५ युनिट. सकाळी प्रतिरोध सगळ्यात जास्त असतो, म्हणून नाश्त्याचं प्रमाण बाकी जेवणांपेक्षा वेगळं असणं साहजिक आहे.

३६ आठवड्यांनंतर चढ थांबतो, थोडी घटही चालते. पण एक-दोन दिवसांत डोस १५-२० टक्क्यांहून जास्त कमी करावा लागला, आणि खाण्यापिण्यात तसं कारण नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रत्येक वेळी त्यात वाईट असतंच असं नाही, पण वार नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका.

इन्सुलिन पोटात टोचलेलं चालतं. ४ मिलिमीटरची सुई त्वचेखालच्या थरापर्यंतच जाते, बाळाला लागत नाही. पोट ताणलं की कडेच्या भागात किंवा मांडीत घ्या. त्याच त्या जागी टोचून गाठी आल्या असतील तर तिथून इन्सुलिन वेड्यावाकड्या वेगाने शोषलं जातं. हात फिरवून गाठी शोधा आणि ती जागा सोडा. मात्र गाठीतून चांगल्या जागी वळताना डोस कमी लागू शकतो, हे लक्षात असू द्या.

साखर घसरली तर

७० च्या खाली आलं की १५ ग्रॅम लगेच शोषली जाणारी साखर: ग्लुकोज पावडर, सपाट चार चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा १५० मिली फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. ७० च्या वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाऊन घ्या. घाबरून एकदम वाटीभर साखर खाल्ली की तासाभराने २२० दिसतं आणि मग दिवसभर पाठलाग.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (साखर चढवणारं औषध) घरी असेल तर द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. ग्लुकॅगॉन गरोदरपणात चालतं. ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. गाडी चालवण्याआधी साखर ९० च्या वर असल्याची खात्री करा.

उलट्या, ताप आणि कीटोन

गरोदरपणात कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे कीटोन साठून रक्त आम्ल होणं) लवकर होतो आणि साखर २०० च्या आत असतानाही होऊ शकतो. म्हणून 'साखर तर १८० च आहे' या दिलाशावर विसंबू नका. बाळाच्या जिवाला त्यात मोठा धोका असतो. टाइप १ असेल तर रक्तातलं कीटोन मोजायच्या पट्ट्या घरी ठेवा आणि त्यांची मुदत तपासा. बरं वाटत नसेल, उलट्या होत असतील किंवा साखर २०० च्या वर अडकली असेल तर मोजा. ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या आत ठीक. ०.६ ते १.५ मध्ये असेल तर पाणी, इन्सुलिन, डॉक्टरांना फोन आणि दोन तासांत पुन्हा. १.५ किंवा वर असेल, किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर तडक इस्पितळ. इन्सुलिनचा पंप वापरणाऱ्यांनी पेन आणि सुया सोबतच ठेवायच्या. नळी दुमडली की शरीरात इन्सुलिनचा साठाच नसतो आणि काही तासांत कीटोन चढतात.

खाणं आणि वजन

कर्बोदकं तोडून साखर छान दिसते, पण बाळाला ती लागतात. दिवसाला साधारण १७५ ग्रॅम ही किमान धरतात. ती तीन जेवणं आणि दोन-तीन छोट्या खाण्यांत विभागायची, नाश्त्याला सगळ्यात कमी. प्रथिनं ७० ग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तर एका तासाचा आकडा उतरतो, आणि तो किती उतरतो ते मीटरवरच दिसतं. सुरुवातीचे काही दिवस ताटातल्या गोष्टी वजनकाट्यावर मोजा, नंतर नजर बसते.

वजन किती वाढावं हे आधीच्या बीएमआयवर: १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, त्याच्या वर ५ ते ९.

तपासण्या आणि अॅस्पिरिन

प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका मधुमेहात जास्त, म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचं अॅस्पिरिन, सहसा ७५ ते १५० मिलिग्रॅम, सुरू करतात. विसाव्या आठवड्यात आठवण झाली तर बराच फायदा हातचा गेलेला असतो, बाराव्यालाच विचारा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज: बीपी त्याच दिवशी मोजायचा.

सोनोग्राफी सात ते नऊ आठवड्यांत तारखांसाठी, मग ११ ते १४ मध्ये. १८ ते २० च्या सविस्तर सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या बघायला सांगा. पुढे २८, ३२, ३६ आठवड्यांना वाढ आणि पाण्याचं प्रमाण. बाळाच्या पोटाचा घेर डोक्याच्या मानाने भरभर वाढत असेल तर साखर जास्त पोचते आहे. आईची साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही, म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवतं.

टाइप २ म्हणजे सौम्य प्रकार, अशी समजूत घरात आणि कधीकधी दवाखान्यातही असते. गरोदरपणापुरती तरी ती सोडा. वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी टाइप २ साठी सहसा काहीही वगळलं जात नाही.

बाळंतपण

सगळं सुरळीत असेल तर काही मार्गदर्शक नियम ३७ ते ३८ आठवडे आणि ६ दिवस सांगतात, काही ३९ पर्यंत थांबू देतात. साखर आटोक्याबाहेर असेल किंवा बीपी, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी. ३६ आठवड्यांच्या भेटीत तारीख आणि पद्धत यांबद्दल स्पष्ट बोलून घ्या. वेळेआधी प्रसूतीची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही तासांतच साखर उसळते आणि तीन ते पाच दिवस तशीच राहते. इंजेक्शनआधीच जादा इन्सुलिनची योजना लिहून मागा.

कळांमध्ये साखर ७० ते १२६ च्या मध्ये ठेवतात, दर तासाला मोजून. गरजेप्रमाणे शिरेतून ग्लुकोज आणि इन्सुलिन. इथे साखर चढली तर जन्मल्यावर बाळाची घसरते, कारण त्याचं वाढीव इन्सुलिन चालूच असतं आणि आईकडून येणारी साखर नाळ कापताच थांबते. म्हणून बाळाला अर्ध्या तासात पाजायचं, मग दर दोन-तीन तासांनी, आणि टाचेच्या रक्तावर साखर मोजत राहायचं.

वार पडताच तुमची गरजही काही तासांत कोसळते. शेवटच्या आठवड्यातला डोस त्या रात्री घेतला तर जीवघेणी घसरण होऊ शकते. बाळंतपणानंतरचा डोस ३६ व्या आठवड्यातच कागदावर लिहून बॅगेत ठेवा: बहुतेकदा तो गरोदरपणाआधीच्या डोसपेक्षाही थोडा कमी असतो. डिलिव्हरी रात्री झाली आणि ड्यूटीवरच्या माणसाला तुमचा आधीचा डोस ठाऊक नसला, तर हाच कागद कामी येतो.

स्तनपानात इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही चालतात. प्रिल आणि स्टॅटिन परस्पर पुन्हा सुरू करू नका, विचारून घ्या. पाजताना साखर उतरते, विशेषतः रात्री. पाजायच्या जागेजवळ ग्लुकोज ठेवा आणि गरज वाटल्यास आधी थोडं खा. गर्भनिरोधकाचं इस्पितळातून निघण्याआधीच ठरवा. पाळी परत येण्याच्या आधीही दिवस राहू शकतात.